दोनशेवा सामना

गेलन ट्रॉस्पर शनिवारी कुठे सापडेल, हे कॅडवेल गावात कुणी कुणाला विचारत नसे. कॉलेजच्या मैदानात पूर्वेकडचा स्टँड, चौदावी रांग, सहावी खुर्ची. सप्टेंबर ते नोव्हेंबर, कॅडवेलचा अमेरिकन फुटबॉलचा संघ घरच्या मैदानावर उतरला की गेलन तिथे असणारच. चौऱ्याऐंशी सालापासून एकही सामना चुकलेला नाही. न्यूमोनियातून उठून तो तसाच आला होता, आणि हाताचं हाड मोडलं त्या वर्षी प्लॅस्टरवर संघाचा बगळा रंगवून घेऊन.

संघाचं नाव बगळे. तीस-पस्तीस वर्षांत या बगळ्यांनी चांगले दिवस मोजकेच दाखवले. एखाद्या वर्षी ओळीने सहा सामने जिंकायचे, गावभर नारिंगी झेंडे लागायचे, अनोळखी माणसं पेट्रोल पंपावर एकमेकांना मिठ्या मारायची. आणि पुढच्या वर्षी असा काही मार खायचे की सोमवारी गेलन आपल्या नोकरीच्या शाळेत, तळघरात बॉयलर दुरुस्त करत बसला, तर मास्तरलोक त्या जिन्यावरून जाणंसुद्धा टाळायचे. घरात गमी झाल्यासारखं.

त्याची बायको शहाण्णव साली निघून गेली. जाताना भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आठवड्यातले सहा दिवस तू चांगला नवरा आहेस गेलन, पण माझी सगळी माणसं सातव्या दिवशीच भेटतात."

आता तो त्रेसष्ट वर्षांचा होता आणि एक गोष्ट त्याने एकाही जिवंत माणसाला सांगितली नव्हती. त्याला या सामन्यांचा कंटाळा आला होता. नक्की कधीपासून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण त्या सप्टेंबरात एका सामन्याआधी आभाळ काळं झालं, विजा कडाडल्या, दोन तास लोक स्टँडखाली दाटीवाटीने उभे राहिले आणि शेवटी सामना पुढे ढकलल्याची घोषणा झाली. सगळीकडून शिव्या उठल्या. गेलनच्या छातीवरून मात्र कुणी धोंडा उचलल्यासारखं झालं. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखा तो चिखलातून गाडीपर्यंत चालत गेला. आणि गाडीत बसल्यावर त्या आनंदाची त्याला भीती वाटली.

त्याच विजेने त्याला अडकवलं.

त्याची थोरली बहीण नेडीन सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा लग्न करत होती. आई लवकर गेली, तेव्हा अकरा वर्षांच्या नेडीनने सात वर्षांच्या गेलनला हाताशी धरून वाढवलं होतं. त्याच्या डब्यात सँडविच तिने भरलं, नाक तिने पुसलं, पहिला टाय तिने बांधायला शिकवला. तिचा पहिला नवरा बिल वारला, त्याला सहा वर्षं झाली होती. आता दीड तासावरच्या लिंडन फोर्डमध्ये एमेट सेल्स नावाच्या निवृत्त औषधविक्रेत्याशी तिचं जमलं होतं. तारीख ठरवण्याआधी तिने बगळ्यांचं वेळापत्रक समोर घेतलं होतं.

"ऑक्टोबरातला तिसरा शनिवार," तिने फोनवर सांगितलं. "त्या दिवशी तुझ्या पाखरांना सुट्टी आहे. दोनदा पाहिलंय. आता काही सबब सांगू नकोस."

"सबब कशाला सांगेन?"

"बिलच्या मातीला आलास, कारण बिच्चारा बुधवारी मेला आणि गुरुवारी पुरला. शनिवारी पुरला असता तर आला असतास?"

"नेडीन!"

"गंमत केली रे," ती म्हणाली. पण गंमत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

विजेने पुढे ढकललेला सामना त्याच तिसऱ्या शनिवारी ठेवला गेला. दुपारी बारा वाजता. समोर गॅरलंड टेक, ज्यांना बगळ्यांनी बावीस वर्षांत हरवलं नव्हतं. आणि गेलनच्या हजेरीच्या हिशोबात तो सामना होता दोनशेवा.

गेलनने तोंड उघडायच्या आधीच गावाने सगळं ठरवून टाकलं. स्थानिक रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा डॅरिल पॅक रोज सकाळी उलटी गणती सांगू लागला. बेकरीने २०० आकड्याचा केक काचेत मांडला. कॉलेजकडून पत्र आलं : मध्यंतरात मैदानावर सत्कार, टीव्हीवर थेट. गेलनने ते पत्र फ्रिजवर लावलं आणि नेडीनला फोन केला.

"लग्न चारला आहे ना? मी मध्यंतराला निघतो. दीड वाजता. तीन-सव्वातीनला तिथे."

"मला चर्चमध्ये हात धरून तू नेणार आहेस," नेडीन म्हणाली. "लक्षात आहे ना?"

"आहे गं."

"मग ये."

त्या शनिवारी त्याने निळा सूट घातला आणि वरून संघाचं नारिंगी जाकीट. गाडी मैदानाच्या अगदी कडेला, रस्त्याकडे तोंड करून लावली. सॉसेज भाजणाऱ्यांच्या धुरातून वाट काढत तो आत शिरला. शेजारच्या खुर्चीवर व्हेल्डा क्रम आधीच घोंगडी पसरून बसली होती. ऐंशीला टेकलेली बाई, एकोणीस वर्षं त्याच्या डाव्या हाताला.

"सूट?" ती म्हणाली. "मेलं कोण?"

"बहिणीचं लग्न आहे. मध्यंतराला निघणार."

व्हेल्डा हसली. "आणि मी त्यानंतर चंद्रावर जाणार."

बगळे त्या दिवशी कुणीतरी अंगात आल्यासारखे खेळले. मध्यंतराला गॅरलंड टेक एकाच गुणाने पुढे होता, एकवीस-वीस. गेलनला खाली मैदानात नेलं. बँड वाजला, कुणीतरी त्याच्या हातात चौकट दिली, चाळीस हजार माणसं त्याचं नाव घेऊन ओरडली. कॅमेऱ्याकडे बघून त्याने हात हलवला. घड्याळात एक चाळीस झाले होते.

"चला, निघतो," तो डॅरिलला म्हणाला.

"निघतो? कुठे?" डॅरिलने माइक बाजूला धरला. "अरे बावीस वर्षांनी ही वेळ आलीय! पहिला चेंडू तरी बघून जा. लोकांनी तुझी खुर्ची रिकामी पाहिली तर हाय खातील. पाच मिनिटं."

पाच मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटून गेलन वर गेला. पहिल्याच चेंडूवर बगळ्यांचा पोरगा अख्खं मैदान कापत पळाला आणि बगळे पुढे गेले. व्हेल्डाने गेलनचा दंड असा धरला की नखं रुतली. "हलू नकोस," ती म्हणाली. "तू बसलास म्हणून झालं हे. हलू नकोस."

दोन वाजले. मग सव्वादोन. प्रत्येक वेळी तो उठायला लागायचा आणि प्रत्येक वेळी मैदानावर असं काही व्हायचं की मागचे लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबायचे. आपण आपलेच पाय दुरून बघतोय, असं त्याला वाटत होतं. अडीच वाजता तो मनात म्हणाला, भरधाव गेलो तर पोचतो. तीनला म्हणाला, जरा उशीर होईल, थांबतील. त्यानंतर त्याने घड्याळाकडे बघणं सोडलं. बरोबरी झाली. जादा वेळ लागला. मग पुन्हा जादा वेळ.

तीन पंचेचाळीसला बगळे जिंकले.

एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला आणि गेलनला काहीच झालं नाही. लोक रडत होते, कठडे ओलांडून मैदानात उड्या टाकत होते. व्हेल्डा त्याच्या गळ्यात पडली. त्याने तिची पाठ थोपटली आणि म्हणाला, "मला जायचंय. मला जाऊ द्या." ते कुणाला ऐकूसुद्धा गेलं नाही. गर्दीने त्याला जिन्याकडे नेण्याऐवजी खाली मैदानात ढकललं. तिथे अनोळखी पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यांच्यासाठी तो त्या दिवसाचा शुभशकुन होता. वरून त्याला बाहेरचा रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर एकाला एक चिकटून उभ्या गाड्या.

गाडीपर्यंत पोचायला पन्नास मिनिटं लागली. गाडीपुढे तिरप्या लावलेल्या तीन गाड्या, आणि त्यांचे मालक जिंकल्याच्या जल्लोषात मैदानातले गोलाचे खांब उपटत असणार. फोन लागत नव्हता, सगळं गावच फोनवर होतं. तो आत बसून राहिला. लोक येताजाता काचेवर टकटक करून ओरडत होते, "दोनशे!" तो मान हलवायचा. नारिंगी जाकीट त्याने काढून मागच्या सीटवर टाकलं, तरी लोक ओळखतच होते. सहाला गाड्या हलल्या.

लिंडन फोर्डच्या चर्चमागच्या दालनात तो पोचला तेव्हा साडेसात झाले होते. पाहुणे गेले होते. एमेट कोट काढून खुर्च्यांच्या घड्या घालत होता. नेडीन फिकट जांभळ्या पोशाखात, बूट काढून, एका टेबलापाशी बसली होती.

"ये," ती म्हणाली. "खाल्लंस का काही?"

"नेडीन, मी..."

"आत स्वयंपाकघरात कुणीतरी टीव्ही लावला होता. माझे केस तिथेच विंचरत होते. तू दिसलास. हात हलवत होतास." ती थांबली. "छान दिसत होतास सुटात. मी सगळ्यांना सांगितलं, आता निघेल बघा. साडेचारपर्यंत थांबवलं मी पाद्रीबुवांना."

"मग?"

"मग एकटी चालत गेले. एमेट अर्ध्या वाटेत घ्यायला आला. त्याचा गुडघा दुखतोय तरी."

"मला निघताच येत नव्हतं गं."

"कुणी धरलं होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. गेलनने डॅरिल, व्हेल्डा, मागच्या रांगेतले हात, सगळे आठवून पाहिले. त्यातला कुणीही असा नव्हता, ज्याला त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने बाजूला सारलं नसतं.

"कुणी नाही," तो म्हणाला.

नेडीनने मान हलवली आणि टेबलावरचे चमचे गोळा करू लागली. एमेट दोन खुर्च्या घेऊन आला, एक गेलनच्या हातात दिली. "ही खालून दाबावी लागते," तो म्हणाला. "बोट सांभाळा." गेलनने चाळीस-एक खुर्च्या घडी केल्या. नेडीन निघताना त्याच्या गालाला गाल लावून गेली. रविवारी तिचा फोन यायचा तो त्या रविवारी आला नाही, पुढच्याही नाही.

दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर पुन्हा सामना होता. गेलनने व्हेल्डाला आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या मी यायचा नाही." ती फोनवर खोखो हसली. शनिवारी तो घरीच बसला. दाढी केली नाही. मैदान मैलभरावर, बँडचे ढोल खिडकीच्या काचेत थरथरत होते. साडेअकराला दारात गाडी थांबली. डॅरिलचा भाऊ, बेकरीवाला आणि त्याची बायको, सगळे नारिंगी कपड्यांत.

"बरं नाही का?" बेकरीवाल्याची बायको घाबरून म्हणाली. तिच्या हातात सुपाचा डबा होता. "व्हेल्डा म्हणाली तुझा आवाज कसासाच येत होता. आम्ही उचलून नेऊ, काळजी करू नकोस."

त्यांच्या चेहऱ्यांवर एवढी माया होती की त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याने जाकीट घातलं.

तिसऱ्या सत्रात बगळे सतराने मागे असताना तो उठला. रांगेतल्या अकरा माणसांना त्याच्यासाठी उभं राहावं लागलं. ती राहिली, हसत, पोटं आत ओढून. तो जिना उतरला, पाणी विकणाऱ्यांना, मुतारीच्या रांगेला ओलांडून थेट फाटकापाशी आला. फाटकावरच्या म्हाताऱ्याने टोपी वर केली.

"मिस्टर ट्रॉस्पर! बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही हं. तुम्हाला नियम ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे."

फाटकाबाहेर रस्ता मोकळा दिसत होता. दीड तासावर लिंडन फोर्ड. नेडीन आता काय करत असेल, जेवली असेल का, दार उघडेल का, आणि उघडलं तर आपण काय बोलायचं, हे त्याला सुचेना. मागे मैदानात एकाएकी मोठा आरडाओरडा झाला. त्याची मान आपोआप वळली.

"जा, आत जा लवकर," म्हातारा म्हणाला. "चुकवाल!"

गेलन जिना चढून वर आला. अकरा माणसं पुन्हा उभी राहिली. व्हेल्डाने घोंगडीचं एक टोक उचलून त्याच्या गुडघ्यांवर टाकलं आणि खाली नीट खोचलं, लहान मुलाला खोचतात तसं.