रोजच्या बाजाराची गोळी

"बाजाराच्या दिवशी एक गोळी." हे वाक्य माझं. नागभीडला माझं औषधाचं दुकान आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वार सांगण्यापेक्षा आठवडी बाजार सांगितला की पक्कं लक्षात राहतं, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव. तीच अक्कल मी सुगंधाबाईसमोर पाजळली.

तिला सांधेवात होता. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठली होती आणि ती आवरायची गोळी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिली होती, आठवड्यातून एकच. बाईला वाचता येत नव्हतं, मुलगा रोशन कामावर, म्हणून मी समजावलं. आणि सुगंधाबाई सुकी मासळी विकते हे विसरलो. विसरलास कसा रे गाढवा, दर आठवड्याला तिच्याकडूनच तर बोंबील घेत होतास! आपल्याला बाजार आठवड्यातून एकदा. तिला आज नागभीड, उद्या तळोधी, परवा सिंदेवाही. रोज टोपली, रोज बाजार, रोज गोळी. असे दहा दिवस.

अकराव्या दिवशी तोंडभर फोड आले, गिळता येईना. रोशनसोबत मीच तिला चंद्रपूरला नेलं तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. बाई वाचली, पण फुप्फुसं करपली ती करपलीच. रोज घ्यायला कोणी सांगितलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी दारातच उभा होतो. सुगंधाबाईला बोलता येत नव्हतं. रोशन बोलला, "कोन सांगनार जी? लवकर बरं व्हावं म्हनून तिच्याच मनानं खाल्ल्या असन."

मी गप्प राहिलो. लायसन्स जाईल ही भीती होती. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच शोधत नाही.

याला तीन वर्षं झाली. आता घरापासून न्हाणीपर्यंत जायचं तर ती वाटेत दोनदा बसते. टोपली गेली, बाजार गेले. मी दर महिन्याला तिची औषधं घरी पोचवतो आणि लोक मला देवमाणूस म्हणतात. ऐकून अंगाची आग होते.

परवा औषधं द्यायला गेलो तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. ती थांबत थांबत बोलली.

"आदेशभाऊ, तुमी काय सांगितलं होतं, मले याद आहे."

मी औषधांची पिशवी खाली ठेवली. "मग रोशनले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं जी. तो म्हनते, बुढी आपली चूक दुसऱ्यावर ढकलते." दम घेऊन ती पुढे म्हणाली, "दिव्यानीले माह्या हातचं पानीबी घेऊ देत नाई. म्हनते, हिले सोताचं समजत नाई, पोरीले काय खाऊ घालन भरोसा नाई. मले तुमचं लायसन्स घालवाचं नाई, दंडबी नको. रोज गोळी तुमच्या सांगन्यानं घेतली, तेवढं त्याले सांगा."

दिव्यानी म्हणजे तिची नात. गोळ्यांचं झालं तेव्हा दोन वर्षांची होती, आता पाच.

रोशन आल्यावर मी अंगणातच सगळं सांगितलं. त्यानं माझी कॉलर धरली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्याचा हात सुटला. तो तसाच आत गेला आणि आईच्या खाटेजवळ मटकन खाली बसला. मग त्यानं दिव्यानीला हाक मारली.

"ये बेटा. आजी देते ते खा."

सुगंधाबाईनं पेरूची फोड पुढे केली. मी दारातून पाहत होतो. पोरीनं फोड घेतली, पण तोंडात घातली नाही. बापाकडे पाहत राहिली.

"खा ना. काही होत नाई. हे पाय, मी खातो." रोशननं आईच्या हातातली दुसरी फोड घेऊन तोंडात टाकली.

दिव्यानी किंचाळली. हातातली फोड फेकून बापाच्या अंगावर चढली आणि इवल्याशा बोटांनी त्याचे ओठ उघडायला लागली.

"थुक बाबा! थुक! मरशीन ना तू!"

सुगंधाबाईनं पुढे केलेला हात मागे घेतला.