जहाजावरचा चिमटा

गणिताच्या सरांवर डस्टर फेकून मी शाळा सोडली, तेव्हा माझ्या आजीच्या धाकट्या भावानं, सेइकिची आजोबांनी, आमच्या ओकिनावावाल्यांच्या मंडळात शब्द टाकला आणि एक रेकॉर्डर माझ्या हातात ठेवला. "भिंतींना लाथा मारतेस, त्यापेक्षा म्हाताऱ्यांचं ऐक."

लहानपणी जपानातल्या ओकिनावाहून जहाजानं ब्राझीलला, इथं साओ पावलोला आलेल्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टिपायच्या, रविवारी मंडळात ऐकवायच्या. प्रश्न छापलेले होते. अकरा जणांचं झालं. एक रडला, एकीनं कॉफीच्या मळ्यातल्या मुकादमाला अशा शिव्या घातल्या की मी ते दोनदा ऐकलं.

अडलं ते माझ्याच आजीपाशी, बाचानपाशी.

"पूर्ण नाव काय? कुणाबरोबर आलात?"

"थांब, कारली चिरू दे."

दुसऱ्या दिवशी तिला कपडे वाळत घालायचे होते. तिसऱ्या दिवशी माझं टाळकं सटकलं. "बाचान, नाव विचारलंय, किडनी नाही मागितली!"

तिचा हात डाव्या दंडावर गेला. तिन्ही दिवस नाव विचारलं की तो तिथंच जात होता.

"तिथं काय झालंय?"

"ते बंद कर आधी."

मी बंद केलं. ती कारल्यांकडे बघत बोलायला लागली. तेव्हा घरात कामाची, म्हणजे बारा वर्षं पूर्ण झालेली, तीन माणसं असतील तरच जहाजात घ्यायचे. शेजारच्या आराकाकींकडे नवरा-बायको दोघंच कामाचे, मुलगा सेइकिची सात वर्षांचा. बाचानच्या घरी पोरं जास्त, भात कमी. मग दहा वर्षांची बाचान कागदावर बारा वर्षांची आराकाकी यासुको झाली. म्हणजे सेइकिचीची सख्खी मोठी बहीण. तिच्या तोंडून खरं नाव निघालं की चिमटा काढायचा, हे काम सेइकिचीला त्याच्या बापानं दिलं होतं. बंदरातल्या साहेबानं पकडलं तर सगळ्यांनाच परत धाडतील म्हणून.

"मग आता सांग ना खरं नाव. आता कोण धाडतंय?"

"रविवारी सगळे ऐकतील. मग सेइकिची माझा कुणीच नाही, असं होईल. लग्न नाही केलं त्यानं. मला सोडून कोण आहे गं त्याला?"

"आणि नावाचं काय?"

"जाईल माझ्याबरोबर."

एवढं बोलून ती परत कारली चिरायला लागली. मला असला राग आला की चप्पल न घालताच मी बाजारात गेले. सेइकिची आजोबा गाडीवर सारण भरलेली पास्तेल तळत होते. गिऱ्हाइकांची रांग होती.

"तुम्ही बाचानला चिमटे काढायचात?" मी ओरडलेच.

रांगेतले सगळे वळून बघायला लागले. आजोबांनी कढईतली पास्तेल काढली, गॅस बंद केला, रांग तशीच सोडली आणि हात पुसत माझ्याबरोबर निघाले.

स्वयंपाकघरात येऊन ते बाचानसमोर बसले. "सांगितलंस पोरीला?"

"नाव नाही सांगितलं," ती घाईघाईनं म्हणाली. "शपथ."

"तिएमी, चालू कर ते यंत्र."

मी चालू केलं. ते रेकॉर्डरजवळ वाकून शाळेत हजेरी देतात तसं बोलले, "तोमोयोसे उतो. गाव हानेजी. बापाची होडी होती. चौघींतली तिसरी. वय दहा. बारा नाही."

बाचानच्या हातातली सुरी तशीच राहिली. "तुला कसं आठवतं रे हे सगळं?"

"जहाजावर दोन महिने तेच ऐकायचं काम होतं मला. झोपेतपण बोलायचीस, ताई. झोपेत नाही काढला कधी चिमटा."

मग बाचाननं नाक ओढलं. "म्हणजे मी दोन वर्षांनी लहान. आणि तुम्ही उगाच मला हळू चाल, हळू चाल करता."

पुढचा प्रश्न मला विचारवेना, पण छापलेला होता. "सोबतच्या माणसाचं नातं काय?"

सेइकिची आजोबांनी मान खाली घातली. एवढं सगळं धडाधड बोललेला माणूस, आता टेबलावरची कारल्याची बी नखानं ढकलत बसला.

"भाऊ," बाचान म्हणाली. "लिही. धाकटा. चिमटे काढणारा." आणि हात लांब करून तिनं त्यांच्या दंडाला असा कचकचून चिमटा काढला की ते "आयायायाया!" करून खुर्चीतून उठलेच.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणतात, शेवटचं ते ओरडणं कापून टाक, बरं नाही वाटत.

मी म्हटलं, हात लावून दाखवा.