थकलेला पगार

पूल दुरुस्तीसाठी बंद होणार ही बातमी आली, त्या दिवशी खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं वैतागली. एकट्या मिस्त्रींना आतून उकळ्या फुटत होत्या.

"वाईट झालं," ते बायकोला म्हणाले, "लोकांना आता केवढा वळसा पडणार."

"वाईट झालं म्हणताय आणि गालातल्या गालात हसताय," बायको म्हणाली. "लाँच पुन्हा सुरू होईल असं वाटतंय ना तुम्हाला?"

चपला घालून मिस्त्री धक्क्यावर एक चक्कर मारून आले.

पूल नव्हता तेव्हा या काठावरून त्या काठावर जायला लाँचशिवाय दुसरी सोय नव्हती. वर लाकडी बाकं आणि कापडी छत, पुढे सुकाणूवाला, आणि खाली दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनापाशी मिस्त्री. पंचविशीत ते त्या खोलीत उतरले ते केस पांढरे व्हायला लागले तेव्हाच बाहेर आले. खोली कसली, खुराडंच ते. ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं. सुकाणूवाला वरून घंटा द्यायचा. एकदा वाजली की पुढे, दोनदा वाजली की मागे, तीनदा वाजली की बंद. मिस्त्रींना ना पाणी दिसायचं ना काठ. जिन्याच्या चौकोनातून उतारूंचे फक्त पाय दिसायचे, आणि त्या पायांवरून ते माणूस ओळखायचे. डावी टाच झिजलेले तपकिरी बूट म्हणजे कोर्टातले कारकून. पांढरे कॅनव्हासचे बूट म्हणजे रात्रपाळी संपवून निघालेल्या नर्सबाई. एकदा शाळेतल्या बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा मिस्त्रींनी न विचारताच खालून तारेचा तुकडा वर केला होता.

"तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी वाकून विचारलं.

"आज पाय ओढत चाललात."

थंडीत सकाळी इंजिन गारठलेलं असायचं. हँडल मारून मारून खांदे भरून यायचे. मग एकदम खोकल्यासारखं करून ते धडधडायला लागायचं, आणि ती धडधड तळपायांतून छातीपर्यंत चढायची. मिस्त्री म्हणायचे, मी तेवढ्यासाठी कामावर जातो, पगार आपला वरकड. हे बोलणं पुढे त्यांच्या अंगाशी आलं.

लाँचच्या मालकांना सगळे कप्तान म्हणत. त्यांनी आयुष्यात सुकाणूला हात लावला नव्हता, उलट पाण्याची त्यांना भीतीच वाटायची. पण डोक्यावर पांढरी टोपी घालून ते धक्क्यावर उभे राहायचे, म्हणून कप्तान. माणूस बोलघेवडा आणि मोकळा. सकाळची गर्दी ओसरली की स्वतः किटली घेऊन यायचे, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचे आणि मिस्त्रींना पेला खाली द्यायचे. खाली मात्र कधी उतरले नाहीत.

मग पूल आला. आधी पायी जाणाऱ्यांसाठी एक बाजू खुली झाली, तसे उतारू घटले आणि पगार लांबायला लागला. "पुढच्या महिन्यात एकदम देतो रे," कप्तान म्हणायचे, आणि मिस्त्री "असू द्या" म्हणायचे. पुलावरून गाड्या धावायला लागल्या आणि लाँच बंद पडली, तोवर सहा महिन्यांचा पगार थकला होता.

त्याच वर्षी मिस्त्रींच्या थोरलीला दुसऱ्या शहरात इमारतींचे नकाशे काढायच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. फी भरायची मुदत आली आणि गेली. धाकटी तेव्हा शाळेत. बायकोने शिलाई मशीन विकलं, त्यावर काही महिने घर चाललं. थोरली नळ-पाइपांच्या दुकानात हिशोब लिहायला लागली. मिस्त्रींना एका उंच इमारतीच्या पाण्याच्या पंपावर काम मिळालं. सकाळी बटण दाबायचं, संध्याकाळी बटण दाबायचं. मधल्या वेळात मोटार गुणगुणायची आणि मिस्त्री भिंतीकडे बघत बसायचे.

रविवारी ते कप्तानांकडे जायचे. परत आले की बायको विचारायची, "मागितलेत का?"

"मागितले. त्यांचीच ओढाताण आहे गं."

वर्षभराने तिने विचारणं सोडलं. रविवारचं जाणं मात्र दहा वर्षं चुकलं नाही.

पुलाची बातमी आल्यावर आठवड्याभरातच कप्तान दारात उभे राहिले. टोपी तीच, फक्त कड पिवळी पडलेली.

"मिस्त्री, वरून विचारणा आलीय. पूल उघडेपर्यंत लाँच चालवा म्हणतात. दीड-दोन वर्षं कुठे गेली नाहीत. तळ दुरुस्त करून घेतोय, रंग चाललाय. इंजिन तू बघायचंस. पंपापेक्षा जास्त देईन. बोल."

मिस्त्रींच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. कप जरा जोरातच टेकवला.

"मागच्याचं काय?"

"वहिनी, मागचं गेलं मागे. आता पुढचं बघू या."

"तुमच्या मागे गेलं असेल. आमच्या ते पुढ्यातच बसलंय."

कप्तानांनी चहा अर्धा सोडला. "सोमवारपर्यंत सांग," एवढं मिस्त्रींना म्हणाले आणि जिना उतरून गेले.

"बोलायची काही रीत असते," मिस्त्री चिडले. "नोकरी वेगळी, बाकी वेगळी. दोन्हीची गाठ कशाला मारायची?"

"ज्याने एकदा बुडवलं, तो पुन्हा बुडवणार नाही कशावरून?"

"बुडवलं नाही, थकलंय."

"दहा वर्षं? एवढ्या वेळात थकलेला माणूससुद्धा विश्रांती घेऊन उठतो." ती कप गोळा करत होती. दारापाशी थांबून म्हणाली, "मला नका विचारू. थोरलीला विचारा. सगळ्यात जास्त तिचं गेलंय."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री थोरलीच्या दुकानात गेले. आता त्या दुकानात तिची अर्धी भागीदारी होती. भिंतीला छतापर्यंत खोकी, प्रत्येकावर आतला माल बांधून लटकवलेला, इथे तोटी, तिथे कोपर, पलीकडे वायसर. काउंटरमागे कानावर पेन्सिल खोचून ती एका प्लंबरशी पाइपच्या लांबीवरून हुज्जत घालत होती. तो हसत हसत हरून गेला, तेव्हा तिने वडलांना स्टूल दिलं.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं.

"तुम्हाला जायचंय ना, बाबा?"

"जायचंय."

"मग मला कशाला विचारता?"

"तुझी फी त्यात गेली म्हणून."

"फीचं सोडा. नकाशे काढत बसले असते तर हे दुकान कुणी चालवलं असतं? मला खरंच आवडतं इथं." ती काउंटरवरचे सुटे स्क्रू एका डबीत टाकत राहिली. "मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. एका रविवारी तुमचा चष्मा घरी राहिला होता. आईने मला तो घेऊन तुमच्या मागे पाठवलं. मी कप्तानांच्या खिडकीशी आले, तर तुम्ही दोघं पोट धरून हसत होतात. कुणीतरी फणसाएवढी बॅग सांभाळताना स्वतःच पाण्यात पडला, त्याची गोष्ट चालली होती. मी बाहेरच थांबले. म्हटलं, आत्ता मागतील. मग आत्ता मागतील. शेवटी तुम्ही 'बरंय' म्हणून उठलात. मी आडवाटेने पळत घरी आले. आणि मागून येऊन तुम्ही आईला सांगितलंत, मागितले, नाही म्हणाले."

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"तुम्ही कधीच मागितले नाहीत. हो ना?"

"नाही."

"का?"

एक गिऱ्हाईक आत आलं. तिने त्याला हवा तो वायसर दिला, पैसे घेतले, आणि पुन्हा वडलांकडे बघत उभी राहिली.

"मागितले असते तर पैशाचं बोलणं निघालं असतं," मिस्त्री अडखळत म्हणाले. "मग लाँचचं राहिलं असतं बाजूला. सुकाणूवाला वारला. बाकीचे पांगले. मला दुसरं कुणी नव्हतं गं, ज्याच्यापाशी घंटेचं, त्या इंजिनाचं बोलता आलं असतं. तो तासभर मिळावा म्हणून..."

थोरलीने डबीचं झाकण लावलं.

"नोकरी घ्या नाहीतर नका घेऊ," ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता. "पण एकदा मागा. मिळोत न मिळोत."

लाँच धक्क्यालगत वर ओढून ठेवली होती. अर्ध्या अंगाला नवा निळा रंग, अर्धं अंग अजून खरवडलेलं. ओल्या लाकडाचा आणि जुन्या डिझेलचा वास आला. एकदा खाली उतरून इंजिनावर हात ठेवावा असं मिस्त्रींना फार वाटलं. पण हात ठेवला तर तोंड उघडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते तडक कप्तानांपुढे जाऊन उभे राहिले.

"कप्तान, काम करीन. पण आधी माझा थकलेला पगार द्या. सहा महिन्यांचा."

"सहा कुठले? चार असतील."

"सहा."

"इतकी वर्षं माझ्या घरी चहा पीत होतास, तेव्हा तोंडाला कुलूप होतं? आता माझी गरज दिसली म्हणून अडवतोस?"

"तेव्हाच मागायला हवे होते. ती चूक माझी. पैसे मात्र तुमच्याकडेच आहेत."

"मिस्त्री काय, दुसरा मिळेल," कप्तान म्हणाले.

"मिळेल की."

सोमवार गेला. रविवार आला तसा गेला, मिस्त्री कुठेच गेले नाहीत. बायकोने काही विचारलं नाही, फक्त दुपारी त्यांच्याबरोबर पत्ते खेळली आणि मुद्दाम हरली.

बुधवारी मिस्त्री पंपाच्या खोलीत होते. दार करकरलं. कप्तान आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि पालथ्या बादलीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते कुणी वेगळेच वाटत होते, लहानखुरे.

"रविवारी आला नाहीस."

"नाही आलो."

"दिवस जाता जात नव्हता." कप्तानांनी टोपीची कड चाचपली. "एक सांगायचंय. लाँच बंद झाली तेव्हा मला भरपाई मिळाली होती. बऱ्यापैकी. तू विचारशील म्हणून तुझे बाजूला काढून ठेवले होते. पहिल्या रविवारी तू काही बोलला नाहीस. दुसऱ्या रविवारीही नाही. म्हटलं, सोडून दिले असतील याने. मग बहिणीच्या घराचं काम निघालं, त्यात घातले. तुला सांगायचं राहून गेलं."

मोटार गुणगुणत होती. मिस्त्रींनी उठून ती बंद केली. वेळ झाली नव्हती, तरी बंद केली.

"तुमच्या घरी ओढाताण आहे म्हणून मी दुसरं बिस्किट उचलत नव्हतो, कप्तान," ते म्हणाले. "दहा वर्षं. एकच घ्यायचो."

कप्तानांनी डोळे पुसले की घाम, ते कळलं नाही.

"सहाच होते," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मला माहीत आहे. स्कूटर विकतोय. तीन महिन्यांचे परवा देतो. उरलेले दर शनिवारी थोडेथोडे, नव्या पगाराबरोबर."

"चालेल," मिस्त्री म्हणाले. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत. कप्तानांनीही तशी अपेक्षा धरली नाही.

पैसे आले ते मिस्त्रींनी थोरलीच्या हातात दिले. तिने आढेवेढे न घेता घेतले, अर्धे आईपुढे ठेवले. "तुझ्या मशीनचे."

आईने पैशांकडे बघितलं. "आता मशीन घेऊन काय करू? सुईत दोरा जात नाही. तेव्हा आले असते तर..." ती थांबली, हसली. "आरशाचं कपाट घेईन. पूर्ण माणूस दिसेल असा आरसा."

लाँच सुरू झाली. मिस्त्रींना वाटलं होतं, सगळं होतं तसंच असेल. ते तसं नव्हतं. नवा सुकाणूवाला घंटा वाजवायच्या ऐवजी "मिस्त्री, मागे!" असं ओरडायचा. चौकोनातून दिसणाऱ्या पायांत बहुतेक सगळ्यांचे एकसारखेच बूट. पहिल्या आठवड्यात त्यांना एकही माणूस ओळखता आला नाही. गुडघे दुखायचे. पण सकाळी पहिल्यांदा इंजिन धडधडलं की छातीत भरून यायचं, तेवढं शाबूत होतं. शनिवारी कप्तान जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन पगार द्यायचे. एका शनिवारी ते टंगळमंगळ करायला लागले, तेव्हा मिस्त्री हात पुसत इंजिनापाशी नुसते बसून राहिले. वरचे उतारू कलकलाट करायला लागले, तसे पैसे लगबगीने खाली आले. मग दोघेही हसले.

थोरलीला पलीकडच्या काठावरच्या गोदामात माल आणायला जावं लागायचं. एका दुपारी तीही लाँचवर चढली आणि बाकावर न बसता सरळ खाली उतरली. तिने ती खोली आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

"एवढ्याशा जागेत होतात तुम्ही इतकी वर्षं?"

"जागा पुरते," मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं.

ती बसली नाही. कानावरची पेन्सिल सांभाळत वाकून ती पाइपांवरून बोट फिरवत गेली. कुठला कुठून निघतो, कुठे जातो, विचारत राहिली. मिस्त्री सांगत राहिले, आवाज चढवून, कारण इंजिन चालू होतं. एका जोडापाशी ती थांबली. बोट ओलं झालं होतं.

"हा गळतोय, बाबा."

"बदलायचाय."

"उद्या दुकानातून पाठवते." ती जिना चढायला लागली, आणि दोन पायऱ्यांवरून वळली. "पण कप्तानांना सांगा, रोख. आमच्याकडे उधारी बंद आहे."