चष्मेवाल्यांच्या खिशातला रोटर

मित्रांनो, माझं नाव ऐकून तुम्ही विचाराल, "हा कोण बुवा?" तुमचा दोष नाही. मी एका जुन्या मोटारीतला रोटर. अंगठ्याएवढा, तपकिरी बेकलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, डोक्यावर पितळेची छोटी पट्टी. आताच्या गाड्यांना माझी गरज पडत नाही, त्यामुळे माझी ओळख सांगणारेही कमीच उरलेत.

इंजिनाच्या कुशीत एक काळी डबी असते. तिला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. त्या डबीत एका दांड्यावर मी बसतो आणि गरगर फिरतो. कॉइल नावाच्या तारेच्या गुंडाळीकडून आलेली वीज माझ्या डोक्यावर उतरते, आणि मी ती ठिणगी पाडणाऱ्या चार प्लगना वाटतो. आधी पहिल्याला, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला, शेवटी दुसऱ्याला. असाच क्रम का, ते मला विचारू नका, मोठ्यांनी ठरवलेलं आहे. गाडी सुरू झाली की कौतुक इंजिनाचं आणि बंद पडली की शिव्या बॅटरीला. माझं नाव कुणी घेत नाही, आणि मला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही.

आमचे मालक चष्मे बनवायचे. केसाएवढे बारीक स्क्रू बसवणारे त्यांचे हात. चष्म्याच्या काचा पुसायच्या मऊ फडक्याने ते माझी पट्टी पुसत आणि खिडकीशी धरून निरखून बघत. गाडी फिकट हिरवी, गोल डोळ्यांची. तिच्यावर त्यांचा जीव होता. लेकीवर त्याहून जास्त होता, पण ते गाडीशी जेवढं बोलत तेवढं लेकीशी बोलत नसत.

लेक सतरा वर्षांची असताना एका दुपारी कुणाला न विचारता गाडी घेऊन गेली. परत आली तेव्हा डावं मडगार्ड चेपलेलं. ती घाबरली, पण तिने काही लपवलं नाही. चष्मेवाल्यांनी चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला. संध्याकाळी त्यांनी बॉनेट उघडलं, डबीचे दोन्ही चाप सोडले आणि मला उचलून कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. मला काढायला पाना लागत नाही, पकडही लागत नाही. सकाळी दुकानात जाताना त्यांनी मला परत बसवलं.

आठवड्याने एका संध्याकाळी लेकीने रीतसर विचारलं, "बाबा, नेऊ का गाडी?"

"बघ सुरू होते का," ते म्हणाले.

कशी होणार? मी खिशात होतो. ती किल्ली फिरवून फिरवून दमली. मग हे उठले, बॉनेटखाली डोकं घातलं, मला गुपचूप जागेवर ठेवलं, आणि गाडी एका झटक्यात सुरू! "हिला माझ्या हाताची सवय आहे," असं म्हणून त्यांनी हात झटकले.

ही थाप घरभर पसरली, मग गल्लीभर. लेकीची आई तर पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, "आमची गाडी यांच्याशिवाय कुणाला दाद देत नाही हो." लेकीने आणखी दोनदा प्रयत्न केला. त्यानंतर विचारलंच नाही. "गाडीचा राग आहे माझ्यावर," ती हसत म्हणाली, पण खिशातून मला तिचा आवाज ऐकू येत होता. त्यात हसू नव्हतं.

रोज संध्याकाळी मी खिशात, रोज सकाळी इंजिनात. वीस वर्षं असं चाललं. खिशात माझ्या शेजारी एक रुमाल आणि चष्म्याचे चार-दोन सुटे स्क्रू. पलीकडे त्यांचं काळीज. ते कसं चालायचं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पहिल्या वर्षी त्यात भीती होती, दुसऱ्या वर्षी गंमत, आणि नंतर नुसती लाज. लेक टेलिफोन खात्यात लागली, तारांमधले बिघाड शोधायचं काम मिळालं. त्या दिवशी हे मला मुठीत घेऊन तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दार वाजवायला दुसरा हात उचलला. मग आल्या पावली परतले. आज सांगू, उद्या सांगू करता करता सांगायचं राहूनच गेलं.

एका संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या ते कोसळले. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. इस्पितळातून कोट एका पिशवीत घरी आला. आईने तो झटकून कपाटात टांगला. खिसे तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मित्रांनो, ते आठ महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. अंधार, नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास आणि शांतता. काळजाची टकटक नाही, इंजिनाची घरघर नाही. अधूनमधून अंगणातल्या शेडमधून स्टार्टरचा आवाज यायचा, कुणीतरी किल्ली फिरवून बघायचं. कर्र, कर्र, कर्र. गाडी मला हाका मारते आहे असं वाटायचं. मी इथे आहे, कपाटात आहे, असं ओरडावंसं वाटे. पण बेकलाइटच्या तुकड्याला कंठ कुठला?

आई म्हणायची, "गाडीने पण अंथरूण धरलं यांच्याबरोबर." आणि सगळे माना डोलवायचे. मेकॅनिकला बोलवावं असं एकालाही सुचलं नाही.

चष्मेवाले मात्र हातवारे करत होते. गाडीचा विषय निघाला की डाव्या हाताने छातीवर थापट्या मारायचे. आई घाबरायची. "अहो, छातीत दुखतंय का?" ते चिडून मान हलवायचे. तीनदा डॉक्टर आले, तीनदा तारा लावून हृदयाचा आलेख काढला. आलेख चांगला निघायचा. चष्मेवाले डोळे मिटून घ्यायचे.

मग ठरलं की त्यांना जिना चढवत नाही, तर शेडच्या जागी खालीच एक खोली बांधायची. बंद गाडी ठेवणार कुठे? भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितलं. त्या दिवसापासून छातीवरच्या थापट्या वाढल्या.

शनिवारी लेक बाह्या सरसावून शेडमध्ये गेली. तिथलं सगळं मला नंतर तिच्याच तोंडून कळलं.

"अगं, कशाला हात काळे करतेस? ती त्यांच्याच हातची आहे," आई म्हणाली.

"आई, आठ तास तारा तपासते मी रोज. तार कुणाचा हात ओळखत नाही. तू फक्त सांगते तेव्हा किल्ली फिरव."

तिने बॅटरी भरून आणली होती, टाकीत ताजं पेट्रोल घातलं. कॉइलला तपासणीचा छोटा दिवा लावून पाहिला, तो पेटला. कॉइलची जाड तार डबीतून उपसली, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरली आणि इंजिनाजवळ नेली. आईने किल्ली फिरवली. टक! निळी ठिणगी. मग तार परत लावून एक प्लग काढून पाहिला. तिथे काहीच नाही.

"इथवर येते, तिथे पोचत नाही," ती पुटपुटली. "म्हणजे मधेच कुठेतरी."

तिने दोन्ही चाप सोडून डबी उघडली. आत रिकामा दांडा. ती बघतच राहिली. वीस वर्षांच्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात: गाडी लावल्यावर रोज "तेल बघतो" म्हणून उघडलेलं बॉनेट, आणि घरात शिरताना बाबांनी छातीवर मारलेली ती हलकी थाप. ती पळतच वर आली. कपाटाचं दार उघडलं, उजेड आला, आणि ग्रीस लागलेली बोटं खिशात शिरली.

मला तळहातावर घेऊन ती वडिलांच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"वीस वर्षं, बाबा?" ती म्हणाली. "मला वाटायचं, मीच नालायक आहे."

त्यांनी डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने मला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी मूठ मिटली, क्षणभर घट्ट धरली, मग उघडली आणि मला तिच्याकडे सरकवलं. स्वतःच्या हाताने.

माझ्या पोटात एक खाच आहे, त्यामुळे मी दांड्यावर एकाच दिशेने बसतो. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, पण तिने बरोबर बसवलं. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी खोकली, फुरफुरली आणि सुरू झाली. एक, तीन, चार, दोन! रविवारी भंगारवाला दारात आला तेव्हा लेक गाडी चालवत फाटकाबाहेर काढत होती. शेजारच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदाच चष्मेवाले बसले होते. परतल्यावर तिने बॉनेट उघडून विचारलं, "काढू?" त्यांनी मान हलवली. नको.

त्यानंतर दोन वर्षं ते होते. आता नाहीत. मी तेव्हापासून माझ्या जागेवरच असतो. खिशात असताना ज्याच्यासाठी झुरलो ते सगळं मिळालं, आणि मग मी त्या खिशासाठी झुरू लागलो. असंच असतं बहुधा. म्हणून मित्रांनो, एकच मागणं आहे. जुन्या वस्तू पुसा, जपा, सगळं करा. पण तुमच्या खिशात दुसऱ्या कुणाचं काही राहिलं असेल, तर वाचा आहे तोवर ते देऊन टाका.

परवा संध्याकाळी गाडी लावल्यावर लेकीने मला काढलं आणि मऊ फडक्याने पुसलं. आता तो कोट तीच घालते. बाह्या दुमडून. तिने मला त्याच खिशात टाकलं. पलीकडे टकटक ऐकू आली, जरा भरभर चालणारी. घरात शिरताच ती मोठ्याने म्हणाली, "आई, रोटर माझ्या खिशात आहे हं. सांगून ठेवते."