दहाच्या दहा

संग्रामपूरजवळच्या करंजटेकच्या शाळेत त्या वर्षी चौथीला दहा पोरं होती, आणि मोठ्या मास्तरांनी यादीत चारच नावं लिहिली.

यादी जळगाव जामोदच्या इंग्रजी शाळेच्या प्रवेश परीक्षेची होती. साल एकोणीसशे छत्तीस. त्या शाळेत जागा चाळीस, आणि आसपासच्या गावांतून दीडशेवर पोरं बसायची. जो पास होईल त्याची वाट पुढे फुटायची. बाकीच्यांचं शिक्षण चौथीतच सरायचं.

मोठे मास्तर वामनराव यांचा निकाल पाच वर्षं पुरा लागत होता. जेवढे बसवले तेवढे पास. शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टी साहेबांनी शेरेबुकात तशी तारीफ लिहिली होती, आणि पंचक्रोशीत वामनरावांचं नाव होतं. त्यामागची युक्ती मात्र एकट्या धाकट्या मास्तरांना, महादेवरावांना, ठाऊक होती. ज्याच्याबद्दल जरा शंका आली, त्याला बसवायचंच नाही.

"या चौघांना मी शिकवतो," वामनराव म्हणाले. "उरलेल्या सहांना तुम्ही सांभाळा. पाढे लिहायला लावा, झाडांना पाणी घालायला लावा."

"परीक्षेला दोन महिने आहेत अजून," महादेवराव म्हणाले.

"म्हणूनच सांगतो. दोन महिने या चौघांचे आहेत."

सहा पोरं आपापली पाटी उचलून मागच्या भिंतीशी जाऊन बसली. रहेमतुल्ला पिंजाऱ्याच्या सईदने पाटीवरची गणितं पुसली. ती सगळी बरोबर होती, हे महादेवरावांनी बघितलं होतं.

तिसऱ्या दिवशी रहेमतुल्ला स्वतः शाळेत आला. कापूस पिंजता पिंजताच उठून आला असावा, कारण दाढीत आणि भुवयांत तंतू अडकले होते. दारातच उभा राहून त्याने विचारलं, "मास्तर, माह्या पोट्ट्याले काऊन काढलं?"

"काढलं नाही, रहेमतुल्ला. बसवलं नाही," वामनराव म्हणाले. "गणित त्याचं चांगलं आहे. पण शुद्धलेखन फार कच्चं."

"कच्चं हाय त पक्कं करा. त्याच्यासाठीच तं धाडलं."

चष्मा पुसत वामनराव म्हणाले, "नापास झालेलं पोरगं पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही. मी पाहिलंय. त्याच्या भल्यासाठीच सांगतो."

रहेमतुल्ला गेल्यावर महादेवराव म्हणाले, "न बसवलेलं पोरगं तरी कुठं लावतं?"

"महादेवराव, सहा वर्षांपूर्वी मी नऊ पोरं बसवली होती. पाच पडली. डिप्टी साहेबांनी भर वर्गात, पोरांसमोर, मला उभं करून विचारलं, तुम्ही शिकवता की गुरं राखता? तुम्ही तेव्हा इथे नव्हता."

ते खरंच होतं, आणि क्षणभर महादेवरावांना म्हाताऱ्याची कीव आली. पण मागच्या भिंतीशी बसलेल्या सहा पोरांकडे नजर गेली आणि कीव टिकली नाही.

शाळेची सगळी पत्रं नकलून ठेवायचं काम महादेवरावांकडे होतं, कारण अक्षर त्यांचं मोत्यासारखं. परीक्षेचं परिपत्रक त्यांनी त्याच आठवड्यात उतरवून घेतलं होतं. आता ते पुन्हा काढून सावकाश वाचलं. शेवटून दुसरं कलम असं होतं: शाळेमार्फत न आलेल्या उमेदवाराच्या पालकाने स्वतः अर्ज केल्यास तो विचारात घ्यावा.

त्या रविवारी ते सहाही घरं फिरले. परीक्षा काय असते हे समजावलं, अर्ज लिहिले, खाली अंगठे घेतले. पाच घरी काम सोपं गेलं. सहावं घर गोजरबाईचं. नवरा वारल्यावर दोन एकर जमीन ती एकटी कसत होती, आणि तिचा उत्तम सगळ्यांत कच्चा होता. वाचताना त्याची जीभ अडखळायची, गुणाकारात हातचा हटकून विसरायचा.

"मास्तर, खरं सांगा," गोजरबाई म्हणाली, "पास होईन का थो?"

महादेवराव खोटं बोलणार होते. तिच्या तोंडाकडे पाहून बोलवेना. "या वर्षी बहुतेक नाही होणार, बाई."

तिने जात्याजवळची टोपली बाजूला सारली आणि अंगठा पुढे केला. "तरी बसू द्या. कुठं चुकते थे त्याले समजलं पाह्यजे. घरी बसून कसं समजन?"

अर्ज टपालात पडल्याचं वामनरावांना दुसऱ्याच दिवशी कळलं. ते भडकले नाहीत, त्यांचा आवाज उलट खाली आला.

"माझ्या शाळेच्या भिंतीत या सहांना परीक्षेचं एक अक्षर शिकवायचं नाही. शिकवलंत तर वर लिहीन."

"भिंतीत नाही शिकवणार," महादेवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेआधी दीड तास रहेमतुल्लाच्या पिंजणघरात वर्ग भरू लागला. मास्तर आले की रहेमतुल्ला पिंजायची कमान खुंटीला टांगायचा आणि तिची तांत थरथरत थांबायची. सरकी काढलेल्या कापसाच्या ढिगाशी पोरं मांडी घालून बसायची. लिहिताना शाईवर तंतू चिकटायचे आणि अक्षरांना शेपट्या फुटायच्या.

खरी अडचण जिभेची होती. या मुलखात 'ळ' कोणी बोलतच नाही. शाळा म्हणजे शाया, डोळे म्हणजे डोये, काळं म्हणजे कायं. पोरं कानाने ऐकायची तसं लिहायची आणि शुद्धलेखनात पडायची. इंग्रजी शाळेत परीक्षा घेणारे मास्तर पुण्याकडचे असतात, हे महादेवरावांना माहीत होतं. म्हणून ते पुण्याकडच्यासारखं बोलून दाखवायचे, टाळूला जीभ लावून.

"फळा," ते म्हणायचे.

"फया," सहाजण म्हणायचे, आणि हसायचे.

"घरी फयाच म्हणा. मीही माझ्या मायशी तसंच बोलतो. त्यात लाज नाही. पण कागदावर त्यांचा ळ आला पाहिजे. त्यांच्या दारातून आत जायचं तर त्यांची कडी वाजवता आली पाहिजे."

सईदने दोनशे शब्दांची वही भरली. पोरं बाभूळ, जांभूळ, आवळा, केळी अशी झाडं धरून 'ळ' घोकत शेतातून हिंडायची. एक दिवस कामातून वर बघत रहेमतुल्ला म्हणाला, "मास्तर, आता मलेबी येऊन राह्यलं," आणि त्याने मोठ्या कष्टाने 'सकाळ' म्हणून दाखवलं. उत्तम मात्र मागेच राहिला. महादेवराव त्याला रोज अर्धा तास जास्त द्यायचे आणि रोज थोडे निराश होऊन उठायचे.

परीक्षा एप्रिलात होती. वामनरावांची चार पोरं भगवानराव पाटलांच्या बैल जुंपलेल्या दमणीतून गेली. सहा पोरं, महादेवराव आणि गोजरबाई रहेमतुल्लाच्या बैलगाडीत रजयांवर बसून पहाटे निघाली. ऊन वर चढायच्या आत जळगाव गाठलं.

तिथे कारकुनाने यादी चाळली आणि मान हलवली. "करंजटेकची चार नावं आहेत. ही सहा नाहीत."

"पालकांचे अर्ज आहेत. टपालाची पावती माझ्याजवळ आहे."

"अर्ज आलेत हो. पण त्यावर तुमच्या हेडमास्तरांची सही कुठंय?"

आवाज ऐकून इंग्रजी शाळेचे मुख्य मास्तर बाहेर आले. उंच, काळा कोट घातलेले गृहस्थ. महादेवरावांनी परिपत्रकाची नक्कल त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचली आणि परत केली.

"विचारात घ्यावा, असं आहे. घेतलाच पाहिजे, असं नाही."

"मग विचारात घ्या, साहेब," महादेवराव म्हणाले. "पण विचार करायला आधी पोरांचा कागद हवा. आणि कागद लिहायला त्यांना आत बसवायला हवं."

"बरं. व्हरांड्यात बसू द्या."

"व्हरांड्यात नाही."

कारकून टकमक बघत राहिला. डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा धाकटा मास्तर इंग्रजी शाळेच्या मुख्य मास्तरांना असं बोलताना त्याने कधी पाहिला नसावा.

"व्हरांड्यात मास्तरांचा आवाज पुसट येतो," महादेवराव पुढे म्हणाले. "पोरं अर्धं ऐकतील, अर्धं लिहितील, आणि मग म्हणायचं की खेड्यातली कच्चीच असतात. बाकीच्यांसारखी बाकावर बसू द्या. पडली तर त्यांची ती पडतील."

मुख्य मास्तरांनी पोरांकडे पाहिलं. सहाही जणांच्या डोक्यात तेल चोपडलेलं होतं आणि सईदच्या कानामागे अजून कापूस होता. मग ते कारकुनाला म्हणाले, "मागचे दोन बाक रिकामे आहेत. बसवा."

महादेवराव खिडकीबाहेर लिंबाखाली उभे राहिले. आतून शुद्धलेखन घालणाऱ्याचा आवाज येत होता, खणखणीत, प्रत्येक 'ळ' टाळूला लागणारा. "सायंकाळी काळे ढग आभाळात..." त्यांनी डोळे मिटून प्रत्येक शब्दावर मनातल्या मनात सहा पेना मोजल्या. गोजरबाई शेजारी जमिनीवर बसली होती. तिला एकही शब्द लिहिता येत नव्हता, पण प्रत्येक वाक्यापाशी ती श्वास धरून बसायची.

तीन आठवड्यांनी निकाल आला. वामनरावांची चारही पोरं पास. सहांपैकी तीन पास, सईद सगळ्या जळगावात अकरावा. उरलेली तीन पडली, आणि उत्तम गणितात फारच वाईट पडला.

वामनरावांनी लिफाफा महादेवरावांपुढे सरकवला. "कौन्सिलकडे जायचा निकाल नीट अक्षरात उतरवून द्या. चारपैकी चार."

महादेवरावांनी बोरू शाईत बुडवून लिहिलं: दहापैकी सात. आणि खाली दहाही नावं लिहिली, पडलेल्या तिघांसकट.

"ती सहा शाळेची नव्हती," वामनराव म्हणाले.

"चार वर्षं हजेरी त्यांची मीच मांडलीय. कुणाची होती मग?"

वामनरावांनी कागद फाडला आणि स्वतः दुसरा लिहिला. मेअखेर महादेवरावांच्या बदलीचा हुकूम आला. सातपुड्याच्या पायथ्याशी, तीन कोसांवर, एका मास्तराची शाळा. हुकूम वाचून त्यांना राग आला, आणि थोडी भीतीही वाटली, कारण बायको पोटुशी होती आणि त्या गावात सुईण नव्हती. पण तो कागद पुन्हा लिहायची वेळ आली असती तर त्यांनी तोच आकडा लिहिला असता, हेही त्यांना कळत होतं.

गाडीत सामान चढत असताना गोजरबाई उत्तमला घेऊन आली. पोरगा खाली मान घालून उभा होता.

"मास्तर, याचा कागद तुम्ही पाह्यला ना? काय चुकलं थे सांगा त्याले."

"हातचा विसरला, बाई. सगळीकडे हातचाच."

"मंग एकच चूक हाय म्हना," ती उत्तमला म्हणाली. "ऐकलं का? एकच."

त्या वर्षभर उत्तम दर रविवारी तीन कोस चालत महादेवरावांकडे यायचा आणि संध्याकाळच्या आत परत जायचा. पुढच्या हिवाळ्यात वामनरावांनी यादी करायच्या आधीच करंजटेकच्या नऊ घरांतून अंगठे लावलेले अर्ज टपालात पडले. ते कोणी लिहून दिले हे वामनरावांनी खूप विचारलं. सईद सुटीला घरी आला होता, एवढंच गावाने सांगितलं.

त्या वर्षीच्या निकालानंतरच्या बाजाराला महादेवराव कडेवर तान्ही लेक घेऊन करंजटेकला आले होते. गोजरबाई त्यांना शाळेच्या वाटेवर भेटली. हातात गुळाचा खडा होता आणि ती थांबली नाही, म्हणून तेही मागोमाग गेले. वामनराव वर्गात एकटेच बसले होते. तिने पायरी चढून गूळ त्यांच्या मेजावर ठेवला.

"मोठे मास्तर, माहं पोट्टं पास झालं. खालून तिसरं हाय," ती म्हणाली. "पन आत हाय."

वामनरावांनी खडा उचलून तोंडात टाकला.