कोणाला हाक मारू?

क्वेट्ट्याच्या भूकंपाला महिना होऊन गेला होता. पंचवटीतल्या नवसाबाईंची लेक सिंधू त्यात गेली. जावई तिकडे रेल्वेत होता, तोही गेला. तार आल्यापासून बाईंनी लेकीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रडणंही नाही. भाकरी थापायच्या, देवळात यायचं, खांबाला टेकून बसायचं.

देवळात कीर्तन करणाऱ्या रंगनाथबुवांनी मनाशी धरलं, या माउलीला मोकळं करायचं. कीर्तनाने नाही तर कशाने होणार?

कापडवाले निजामभाई तरुणपणी जपानात, योकोहामाला एका पेढीवर होते. तिथल्या मोठ्या भूकंपात त्यांच्या शेजारणीची माणसं गेली, तेव्हा तिने चार ओळी लिहून जळक्या खांबाला चिकटवल्या होत्या. त्या ओळी निजामभाईंनी बुवांना मराठीत सांगितल्या:

भिंत पडली.
चुलीवरचा भात
अजून ऊन आहे.
कोणाला हाक मारू?

"पुढे?" बुवांनी विचारलं.

"पुढे काही नाही. एवढंच."

"अहो निजामभाई, मग आमच्या पुंजाने तबला धरायचा कुठे?"

निजामभाई हसले. "नको धरू म्हणावं. लोक ते वाचून गप उभे राहायचे, बुवा. मग कोणीतरी हळूच आपल्या माणसाचं नाव घ्यायचं."

बुवांना ते भिडलं. पुंजाला त्यांनी बजावलं, "मी थांबलो की तूही थांबायचं."

कीर्तन रंगलं. मध्यंतरात बुक्का लागला, गळ्यात हार पडला. उत्तररंगात बुवांनी त्या ओळी चालीविना, साध्या बोलण्यात म्हटल्या आणि ते थांबले.

मंडप चिडीचूप. खांबापाशी नवसाबाईंनी मान वर केली. त्यांचे ओठ हलले. बुवांना ते स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात पुढे कोणी खाकरलं. एक म्हातारबुवा शेजाऱ्याला म्हणाले, "पद विसरले वाटतं!" झालं. बुवांना ती शांतता सोसेना. चिपळ्यांचा हात आपसूक वर गेला आणि ते गरजले, "अरे, कोणाला म्हणून काय विचारता? हाक मारा त्या पांडुरंगाला!"

पुंजाने थाप दिली. मंडप उसळला. "विठ्ठल विठ्ठल!" असा गजर त्या देवळात कित्येक दिवसांत झाला नव्हता. नवसाबाईंनी पदर तोंडावर घेऊन मान खाली घातली.

नाव देवाचंच होतं. म्हणून तर बुवांना जास्त लाज वाटली. देवाला पुढे करून त्यांनी स्वतःची अब्रू झाकली होती.

आरती झाली. रीतीप्रमाणे एकेक जण बुवांच्या पाया पडू लागला. "काय रंगवलंत बुवा, वा!" नवसाबाईही रांगेत होत्या. त्या वाकल्या तसे बुवांनी पाय मागे घेतले.

"बाई, नका."

"का हो? छान झालं की कीर्तन."

"जरा थांबता?"

मंडप रिकामा झाला. बुवांनी त्या ओळी पुन्हा म्हटल्या आणि ते थांबले. या वेळी पुष्कळ थांबले. नवसाबाई ऐकत उभ्या राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "मघाशी अगदी ओठावर आलं होतं, बुवा. आता नाय येत."

त्या पायऱ्या उतरून गेल्या.

बुवांनी गळ्यातला हार काढला. एरवी कीर्तन संपलं की बुवा तो देवाला वाहत. तबल्यावर खोळ चढवून पुंजा म्हणाला, "वाहताय ना हार? मग निघू."

बुवा हार हातात धरून उभे राहिले. त्यांना गाभाऱ्याकडे बघवेना.