चैतरामची गाडी आणि कंपनीचा अपडेट

कंपनी आपल्या डिझेल गाड्या परत बोलावते आहे, हा निरोप मुर्रीत पहिल्यांदा आला तो चैतराम रहांगडालेच्या मोबाइलवर. संध्याकाळपर्यंत गावात ज्याच्याकडे तशी गाडी होती त्यालाही तो कळला आणि ज्याच्याकडे सायकल होती त्यालाही. गाडी रस्त्यावर चालताना ठरल्यापेक्षा जास्त विषारी वायू सोडते, असं तपासणीत आढळलं होतं. सर्व्हिस सेंटरवर या, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन सॉफ्टवेअर फुकट टाकून देऊ, असं कंपनीचं म्हणणं होतं.

फुकट म्हटल्याबरोबर चैतरामला संशय आला.

"गाडी चांगली धावून राह्यली, मंग तिले दवाखान्यात कायले न्याची?" चहाच्या टपरीवर त्यानं सगळ्यांना विचारलं. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर याच गाडीनं कसा ओढून काढला, हेही त्यानं परत एकदा सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते पाठ होतं, तरी कोणी अडवलं नाही. मग त्यानं रायपूरच्या कोण्या माणसाचा व्हिडिओ दाखवला. तो माणूस कपाळाला हात लावून सांगत होता की अपडेट केल्यापासून गाडीचा पिकअप गेला आणि ॲव्हरेजही पडलं.

भोजराज मेश्रामनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला. त्याची गाडी अगदी तीच, फक्त रंग वेगळा. गोंदिया स्टेशनवरून नागझिऱ्याला पर्यटक न्यायचे, सफारी झाली की परत आणून सोडायचे, हा त्याचा धंदा. थंडी पडलेली, हंगाम भरात.

"टुरिस्टले घेऊन जंगलाच्या रस्त्यात गाडी बसली तर मी काय करू, भाऊ?" तो म्हणाला.

"म्हनून तर म्हनतो, कोनी जाऊ नका."

चैतराम बोलला आणि ते सगळ्यांना पटलं. गोंदियाच्या बाजारातला कापड दुकानदार भैय्यालाल, ज्याची गाडीही तीच होती, त्यानं फोनवरूनच पाठिंबा दिला, "बिलकुल सही बोले चैतरामभाऊ. अपन कोई नहीं जाएंगे."

एकच पंचाईत होती. लोकांना फोन करून गाडी घेऊन या म्हणून सांगणारी सर्व्हिस सेंटरमधली मुलगी म्हणजे चैतरामचीच लेक गुंजन होती.

डिप्लोमा करून ती सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून लागली, तेव्हा चैतरामनं अर्ध्या गावाला पेढे वाटले होते. आता ती दिवसभर फोन करायची, लोक तिला म्हणायचे, "बेटा, आधी आपल्या बाबूजीले विचार." ती हे घरी कधी बोलली नाही. बोलली ती तिची आई, प्रेमिला, तीही रात्री जेवायला वाढताना.

"पोरगी तिकडं लोकायले बलावून राह्यली, अना तुमी इकडं टपरीवर बसून हाकलून राह्यले. शोभते का?"

चैतराम भाकरी मोडता मोडता थांबला. गुंजनकडे बघत म्हणाला, "बरं, सांग मंग. तूच सांग मले, काय आहे थे."

"घरी नाई सांगत, बाबूजी," गुंजन शांतपणे म्हणाली. "इथं सांगतलं तर लोक म्हनतील पोरीनं बापाले पटवलं. तुमी सेंटरवर या. जे विचाराचं थे सगळ्यांसमोर विचारा."

"येतो ना! भेतो काय मी?"

आणि तो खरंच गेला. एकटा नाही, भोजराज आणि भैय्यालाल यांना घेऊन गेला. बालाघाट रोडवरच्या त्या काचेच्या इमारतीत तो याआधी शंभरदा आला असेल, पण त्या सकाळी त्याला दारातच बावरल्यासारखं झालं. काउंटरच्या मागे कंपनीचा शर्ट घातलेली गुंजन उभी होती. केस घट्ट बांधलेले, पुढ्यात कॉम्प्युटर. तिनं मान वर केली.

"नमस्कार. बसा तुम्ही. पाणी सांगते."

घरची बोली तिनं घरीच ठेवली होती. चैतराम खुर्चीच्या टोकावर बसला आणि खाकरला.

"पिकअप कमी होते का नाई?"

गुंजन उत्तर देणार, तेवढ्यात आतून वर्कशॉप मॅनेजर हिमांशू बाहेर आला. तीन गाडीमालक एकदम बसलेले पाहून तो हसतमुखानं म्हणाला, "काही फरक पडत नाही काका. कंपनीनं सगळी टेस्ट केलेली आहे. बिनधास्त करून घ्या."

भैय्यालालनं चैतरामकडे बघितलं, डोळ्यांनीच म्हणाला, बघा, हे लपवणारच.

"थोडा फरक पडतो," गुंजन म्हणाली.

हिमांशूचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

"सर, आपणच डेमो गाडीवर ट्रायल घेतली होती," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. आवाजात चिडणं नव्हतं, कोणाला पाडायचा हेतूही नव्हता. मग ती तिघांकडे वळली. "पहिल्या-दुसऱ्या गियरला गाडी आधीपेक्षा जरा सावकाश उचलते. स्पीड पकडला की समजत नाही. ॲव्हरेज काही गाड्यांचं थोडं कमी झालंय, काहींचं तसंच आहे. आणि एकदा नवीन सॉफ्टवेअर टाकलं की जुनं परत टाकता येत नाही. हे आधी सांगते, कारण नंतर कळलं तर तुम्ही मलाच धराल."

हिमांशूनं कान खाजवला. "हो," तो म्हणाला. "थोडा फरक आहे खरा."

"तो फिर कराएं क्यूं?" भैय्यालालनं विचारलं.

"गाडी जेवढा वायू सोडेल म्हणून आम्ही विकली, त्याहून जास्त सोडते आहे. चूक कंपनीची आहे, तुमची नाही. पण गाडी तुमच्या दारात उभी असते, घरातली, शेजारची मुलं तिच्या मागे खेळतात. हा वायू काळ्या धुरासारखा दिसत नाही, म्हणून कोणाला काही वाटत नाही." ती पुढे म्हणाली, "अपडेटमुळे इंजिनात काही बिघडलं, तर दुरुस्ती कंपनी करेल. हे मी वरच्या ऑफिसला फोन करून पक्कं केलंय. जबरदस्ती कोणावर नाही. एकाची गाडी आधी करा, माणसं भरून चालवून बघा, मग बाकीच्यांनी ठरवा."

भोजराजनं विचारलं, रस्त्यात बंद पडली तर? ती म्हणाली, सेंटरची गाडी येईल, आणि तिनं स्वतःचा नंबर दिला. भैय्यालालनं विचारलं, पुढे गाडी विकताना भाव पडेल का? ती म्हणाली, ते मला खरंच माहीत नाही.

चैतराम ऐकत होता. येताना त्यानं मनात भांडणाची चांगली तयारी केली होती, आणि आता भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं. गाडीतलं उणं सगळं तिनंच सांगून टाकलं होतं, तेही आपल्या साहेबासमोर. छातीत काहीतरी फुलून आलं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो खिसे चाचपू लागला, आणि हाताला किल्ली लागली.

"माही लावा पयले," त्यानं किल्ली काउंटरवर ठेवली.

"चैतरामभाऊ!" भैय्यालाल ओरडलाच.

"कोनाची तरी लागनच ना. मंग माही काऊन नाई?"

काचेपलीकडे मेकॅनिकनं बोनेट उघडून बॅटरीला चार्जर जोडला, स्टिअरिंगखाली वायर खोचली आणि लॅपटॉप सीटवर ठेवला. चैतराम काचेला नाक लावून उभा राहिला. स्क्रीनवरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. मध्येच त्यानं दार ढकलून आत डोकं घातलं.

"रेडिओची स्टेशनं तर नाई जात ना, बाबू?"

"नाही काका, रेडिओला हातच लावत नाही."

गुंजन मागे उभी राहून खाली बघत हसली.

रविवारी ट्रायल ठरली, चोरखमाऱ्याच्या तलावापर्यंत. भोजराजनं आपल्या बायकोला, कलाबाईला घेतलं, कारण गाडीत माणसं भरायची होती. भैय्यालाल एकटाच आला, पण वजनाला तो दोघांएवढा होता. प्रेमिलानं तेलात तळलेल्या सुवाऱ्या आणि उडदाचे बडे करून डबा भरला. तिला गाडीपेक्षा तलाव बघण्यात जास्त रस होता. गुंजनला सुट्टी होती, ती सगळ्यात मागे दाटीवाटीनं बसली.

गावं मागे पडली, कापलेल्या धानाच्या बांध्या सरल्या, झाडी दाट झाली. सपाट रस्त्यावर चैतरामला काही वेगळं वाटलं नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढणारा रस्ता आला तसं सगळे पुढे वाकून बघू लागले. त्यानं गाडी मुद्दाम उभी केली, पहिला गियर टाकला, पाय दाबला. गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, मग निघाली आणि न थांबता वर पोचली.

"काय म्हनते?" भोजराजनं विचारलं.

"जराशी आळसली आहे," चैतराम म्हणाला. खोटं बोलावंसं त्याला वाटलं नाही. "पन चढली."

मग भोजराज स्टिअरिंगवर बसला. तोच चढ त्यानं दोनदा केला. उतरल्यावर म्हणाला, "मले तर हे बरं वाटलं. झटका नाई देत. टुरिस्टच्या हातातले कॅमेरे पडतात ना, मंग मलेच बोलतात."

"मलेई मळमळलं नाई आज," कलाबाई म्हणाली. तिला गाडीत बसलं की त्रास व्हायचा, म्हणून तिचं मत भोजराजला फार मोलाचं वाटलं. उद्याच गाडी सेंटरला टाकतो, असं त्यानं तिथंच गुंजनला सांगून टाकलं.

"मैं तो अभी नहीं कराऊंगा," भैय्यालाल म्हणाला. "थोडा देखूंगा." गुंजननं मान डोलावली.

पाळीवर चादर अंथरून सगळे जेवायला बसले. तलावात दूरवर परदेशी बदकांचा थवा उतरला होता. ऊन अंगाला गोड लागत होतं. प्रेमिला सगळ्यांना आग्रहानं वाढत होती. तेवढ्यात गुंजनचा फोन वाजला. फोन मुर्रीच्या पलीकडच्या केशोराव पटलेंचा होता, त्यांच्याकडेही तीच गाडी.

"हो काका... हो, बाबूजींची झाली... थांबा, तुम्ही त्यांनाच विचारा." तिनं फोन वडिलांपुढे धरला.

चैतरामनं तोंडातला घास गालात सारला आणि फोन कानाला लावला.

"हां केशोराव. सांगतो. पयले काय वाईट आहे थे ऐक, मंग चांगलं सांगतो..."

तो बराच वेळ सांगत राहिला. प्रेमिलानं तेवढ्यात त्याच्या ताटात आणखी एक बडा टाकला, आणि बोलता बोलताच त्यानं तो उचलला.